नाकारलेल्या बालपणानंतर : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

१८८२ साली पुण्यात 'स्त्रीपुरुष तुलना' हे छोटेखानी पुस्तक छापलं गेलं. ते लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. आदल्या वर्षी सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला आपलं नवजात मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती, आणि वर्तमानपत्रांनी त्या निमित्ताने सगळ्या बायकांच्या नीतीचा पंचनामा मांडला होता. ताराबाईंनी आरोपांचा रोख फिरवला. जे दोष बायकांच्या माथी मारता ते तुमच्यात नाहीत काय, आणि नियम करायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी, असं त्यांनी पुरुषांना विचारलं. पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. तरीही ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत पहिलंही विस्मरणात गेलं होतं.

आपल्या विषयात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने आधी ताराबाई वाचाव्यात, असं मला वाटतं. त्यांनी समलैंगिकतेवर लिहिलेलं नाही. पण ज्याच्यावर आरोप आहे त्याला सोडून आरोप करणाऱ्याला तपासायचं, ही रीत त्यांनी याच बुलढाण्यात राहून घालून दिली. आपला विषय त्याच रीतीवर उभा आहे. वर्षानुवर्षं समाजाने, कायद्याने आणि वैद्यकानेही क्वीअर माणसाला समोर बसवून विचारलं, की तुझ्यात काय बिघडलंय? गेल्या तीस-चाळीस वर्षांत अभ्यासकांनी तो प्रश्न उलटा केला. या माणसाला लहानपणी कोणी, कसं आणि किती दुखवलं, आणि त्या दुखापतीतून तो सावरतो कसा, हे ते विचारू लागले. नेमकं काय बरं करायचं हे एकदा नीट ठरलं, की बाकीचं सगळं शोधता येतं.

विषयाची व्याप्ती सांगते. गे, लेस्बियन, उभयलैंगिक, ट्रान्स, तृतीयपंथी, इंटरसेक्स अशा सगळ्यांसाठी मी इथे 'क्वीअर' म्हणते आहे. ज्याला जो शब्द आपला वाटतो तो त्याने वापरावा. यांतल्या ज्यांचं बालपण नकारात गेलं, ती माणसं पंचविशीत, चाळिशीत, साठीत स्वतःला कशी शोधतात आणि कशी जुळवून घेतात, हा आपला विषय. मानसशास्त्र, समाजकार्य, कायदा, साहित्य आणि स्त्री-अभ्यास या सगळ्यांचं त्यात देणंघेणं आहे. म्हणून इथे स्वागत एकट्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याचं नाही. चिखलीच्या शाळेतले शिक्षक, मेहकरच्या वकीलबाई, लोणारच्या आशा कार्यकर्त्या, खामगावच्या महाविद्यालयात समाजशास्त्र शिकणारी मुलगी, आणि घरातल्या कुणाला तरी समजून घ्यायचं म्हणून हे पान उघडलेले आईबाप, या सर्वांना इथे जागा आहे.

बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे २६ लाख होती आणि त्यांतले बहुतेक लोक खेड्यांत राहणारे. अशा जिल्ह्यात नकार सहसा मोठ्या आवाजात येत नाही. घरातून हाकलून दिल्याच्या घटना घडतात, मारहाण होते, मुलीला कोंडून ठेवलं जातं, आणि त्यांची नोंद झालीच पाहिजे. पण बहुतेकांच्या आयुष्यात नकार रोजच्या बारक्या गोष्टींतून झिरपत येतो. चालण्यावरून, हात हलवण्यावरून, आवाजावरून मुलाला 'बायल्या' म्हटलं जातं. वर्गात हसू पिकतं आणि कधी कधी सर त्या हसण्यात सामील होतात. कबड्डीच्या संघात शेवटी उरणारा तोच असतो. मुलगी शर्टपँट घालून सायकलवर फिरते तोवर कौतुक असतं. वयात आली की तेच कौतुक धाकात बदलतं. टीव्हीवर साडी नेसलेला पुरुष हसवायला येतो, सगळं घर हसतं, आणि त्या हसणाऱ्या घरात एक बारा वर्षांचं मूल आपलंही हसू जमवून बसलेलं असतं. त्याला कोणी काहीही बोललेलं नाही. तरी आपल्याविषयी या घराचं मत काय असेल, हे त्याला त्या क्षणी पुरतं कळलेलं असतं.

मग ते मूल स्वतःवर पहारा बसवतं. कसं बसायचं, कुणाकडे किती वेळ पाहायचं, कोणत्या मित्राचं नाव घरात जास्त वेळा घ्यायचं नाही, हे सगळं ते शिकतं. यातली पुष्कळ मुलं अभ्यासात पुढे असतात, कारण गुण मिळाले की बाकीचे प्रश्न कोणी विचारत नाही. वयाने मोठं झाल्यावर, पुण्यात नोकरी लागल्यावर, स्वतःची खोली मिळाल्यावरही हा पहारा उठत नाही. अमेरिकी संशोधक इलान मेयर यांनी १९९५ मध्ये न्यूयॉर्कमधल्या गे पुरुषांच्या अभ्यासातून आणि पुढे २००३ मध्ये अधिक विस्ताराने याची मांडणी केली. अल्पसंख्याकांवर पडणारा ताण, असं तिचं सूत्र आहे. प्रत्यक्ष घडलेला भेदभाव हा त्यातला एक भाग. पुन्हा तसंच घडेल ही कायमची धास्ती, लपवून ठेवण्याचा शीण, आणि समाजाचं वाईट मत हळूहळू स्वतःचंच मत होऊन बसणं, हे त्याचे बाकीचे भाग. क्वीअर माणसांत नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचे विचार अधिक आढळतात, त्याचं कारण या ताणात सापडतं. मेयर यांच्या या मांडणीने दोषाची जागा बदलली. माणसाच्या स्वभावात शोधला जाणारा दोष भोवतालच्या वागणुकीत दिसू लागला.

आता उपचारांकडे येऊ, कारण आपल्याकडे उपचारांची कमतरता कधीच नव्हती. बुलढाणा तालुक्यातल्या पिंपळगाव सराई इथल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे लोक मनाने आजारी झालेल्या आपल्या माणसांना घेऊन येतात. होळीच्या सुमारास तिथे मोठी यात्रा भरते. त्या वाटेने जाणाऱ्या कुटुंबाकडे मी तुच्छतेने पाहू शकत नाही. आपलं माणूस दुःखात आहे हे त्यांनी ओळखलेलं असतं, आणि डॉक्टर दूर असतो. मनाचं दुखणं म्हणजे बाहेरची बाधा, हे उत्तर आपल्या भागात हाताशी असतं. त्यामुळे लग्नाला नकार देणाऱ्या मुलासाठी, मुलांच्या कपड्यांतच राहू म्हणणाऱ्या मुलीसाठी तेच पुढे केलं जातं. महाराष्ट्रभर अशा मुलांच्या वाट्याला अंगारे, गंडेदोरे आणि भगत आलेले आहेत. त्यानंतरचा उपाय म्हणजे लग्न. लग्न झालं की सगळं ठीक होईल, हे वाक्य जिल्ह्यातल्या किती घरांत म्हटलं गेलं असेल! तिसरा उपाय शिकलेल्या घरांतला. डॉक्टरांकडे नेऊन हार्मोनची इंजेक्शनं, गोळ्या, कधीकाळी विजेचे झटकेही. या तिन्ही उपायांत काळजी खरी असते. तरी तिन्ही चुकीच्या जागी लावलेले असतात, कारण ज्याला रोग मानलं तो रोग नव्हता, आणि जी जखम होती तिच्याकडे कोणी पाहिलंच नाही.

वैद्यकाला हे मान्य करायला वेळ लागला. अमेरिकी मानसोपचार संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९७३ मध्ये काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. भारतात इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने २०१८ मध्ये तसं जाहीरपणे सांगितलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर स्पष्ट तरतूद आहे, की समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक मूल्यांशी एखाद्याचं जुळत नाही एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी, घरच्यांपासून पळून आलेल्या दोन तरुणींच्या प्रकरणात, लैंगिकता 'बदलण्याच्या' उपचारांवर बंदी घालण्याचा आदेश दिला. निकाल देण्याआधी ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञाकडे जाऊन बसले, आपले पूर्वग्रह तपासून घेतले, आणि तसं त्यांनी निकालपत्रात लिहूनही ठेवलं. समुपदेशक होऊ पाहणाऱ्याने हा निकाल मुळातून वाचावा. पुढच्या वर्षी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं कळवलं. आपल्या जिल्ह्यात आज एखादा डॉक्टर मुलाला 'नीट' करून देतो म्हणाला, तर त्याची तक्रार करता येते. पालकांपर्यंत ही गोष्ट पोचलेली नाही, आणि ती पोचवण्याचं काम अभ्यासकांचंही आहे.

हे सारं बाहेरून आलेलं शहाणपण आहे असं समजण्याचं कारण नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, समलिंगी आकर्षणाच्या प्रश्नांनाही, न लाजता उत्तरं दिली. अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला आणि कर्व्यांना दंड झाला. पण लोकांना पडलेल्या प्रश्नांना ज्ञानाने उत्तर देणं हा गुन्हा नाही, ही भूमिका मराठी माणसांनी न्यायालयात मांडून नव्वद वर्षं होऊन गेली. ज्या बुलढाण्यात बाबासाहेबांचा फोटो इतक्या घरांत आहे, तिथे ही हकीकत सांगायला हवी. 'हे आपल्यात नसतं' म्हणणाऱ्याला तिच्याइतकं चांगलं उत्तर मला माहीत नाही.

साहित्यात मात्र क्वीअर माणूस बराच काळ तरुणपणीच मरत राहिला. विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगभूमीवर आलं. मराठीत दुसऱ्या मुलीवर प्रेम करणारी नायिका आणण्याचं धैर्य त्या नाटकात होतं, आणि त्या नायिकेचा शेवट आत्महत्येत होता. ती पन्नाशीला पोचली असती तर कशी जगली असती, हा आपल्या विषयाचा प्रश्न. त्याचं उत्तर द्यायला पुढच्या पिढीने सुरुवात केली. पुण्यात २००२ साली 'समपथिक ट्रस्ट' सुरू करणारे बिंदुमाधव खिरे यांनी २००५ मध्ये 'पार्टनर' ही कादंबरी लिहिली. 'इंद्रधनू'मध्ये त्यांनी विषयाची सरळ माहिती दिली आणि 'मनाचिये गुंती'मध्ये पालकांच्या आणि नातलगांच्या कहाण्या एकत्र केल्या. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू', चेतन दातार यांचं आईच्या तोंडून बोलणारं 'एक माधवबाग', लक्ष्मी त्रिपाठी यांचं आत्मकथन, दिशा पिंकी शेख यांची कविता, असा ऐवज आता मराठीत आहे. इंग्रजी येत नाही म्हणून या विषयात शिरता येत नाही, असं कोणाला वाटत असेल तर ते मनातून काढून टाका.

सावरण्याविषयी जगात जे लिहिलं गेलं त्यात ज्युडिथ हर्मन यांच्या १९९२ च्या पुस्तकाचा आधार मला सर्वांत भक्कम वाटतो. त्यांनी बलात्कार, घरगुती हिंसा आणि युद्ध यांतून वाचलेल्यांबरोबर काम केलं होतं. आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग पुन्हा माणसांत येणं, असा त्यांचा क्रम आहे. आपल्याकडच्या अनुभवाला तो लागू पडतो, पण प्रत्येक टप्प्याला इथली माती लागते.

सुरक्षितताच घ्या. जिल्ह्याचे घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन भाग आपण रोजच्या बोलण्यात करतो. रेल्वे आहे ती घाटाखाली. मलकापूर, नांदुरा, शेगाव इथून मुंबई-नागपूरची गाडी मिळते. घाटावरच्या चिखली-मेहकरहून पुण्याला रात्रीच्या ट्रॅव्हल्स सुटतात. जिल्ह्यातल्या क्वीअर तरुणांपुढे सुरक्षिततेचा जो एक मार्ग दिसतो तो बहुधा या गाड्यांपैकी एकीत बसण्याचा असतो. शहरातल्या अभ्यासांनीही तोच मार्ग गृहीत धरला आहे. घर सोडा, आपली माणसं शोधा, निवडलेलं कुटुंब उभं करा. कॅथ वेस्टन यांनी १९९१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या संदर्भात अशा निवडलेल्या कुटुंबांचा सुंदर अभ्यास केला. पण इथे भावकी म्हणजेच विमा असतो. दवाखान्याचा खर्च, बियाण्याची उसनवारी, बहिणीचं लग्न, दोन एकरांतला वाटा हे सगळं त्याच नात्यांतून येतं. ज्याच्याकडे जमीन नाही आणि ज्याची जात त्याला शहरातही सहज खोली मिळू देत नाही, त्याने भावकी तोडली तर त्याच्या हाती काही उरत नाही. म्हणून घर सोडण्याला सावरण्याची अट बनवणारी मांडणी मला अपुरी वाटते. राहूनही सावरता येतं का, परत येऊन सावरता येतं का, हे शोधण्याची जागा मुंबई नाही. ती जागा हा जिल्हा आहे, आणि इथल्या अभ्यासकाने जगाच्या अभ्यासात घालण्यासारखी भर हीच आहे.

शोकाचा टप्पा सर्वांत कठीण. इथे थोडं थांबते. मेलेल्या माणसाचा शोक करायला आपल्याकडे रीत आहे, दिवस आहेत, माणसं येऊन बसतात. जे बालपण मिळालंच नाही त्याचा शोक कसा करायचा? सोळाव्या वर्षी इतरांनी चिठ्ठ्या लिहिल्या, मार खाल्ला, रुसले, मित्रांना सांगून मोकळे झाले. हे सगळं ज्याला पस्तिशीत पहिल्यांदा करावं लागतं, त्याला स्वतःचीच लाज वाटते. समुपदेशक या काळाला दुसरी किशोरावस्था म्हणतात. या काळात माणूस अडखळतो, चुकीच्या माणसावर जीव टाकतो, लहान मुलासारखा रागावतो. जवळच्यांनी आणि समुपदेशकांनी ते धीराने घ्यावं. ते उशिरा आलेलं वाढणं आहे.

शोक कठीण होण्याचं दुसरं कारण आईबाप. ज्यांनी नाकारलं ते परके असते तर सोपं होतं. ज्या बापाने 'असला पोरगा नसता झाला तर बरं' म्हटलं, त्यानेच सोयाबीन पडत्या भावात विकून त्याची फी भरलेली असते. जी आई चार वर्षं नीट बोलली नाही, ती दर दिवाळीला डबा भरून पाठवते. प्रेम आणि नकार एकाच हातांनी आलेले असतात, त्यामुळे रागावताना कृतघ्न वाटतं आणि कृतज्ञ राहताना गुदमरायला होतं. केतकी रानडे यांनी २०१८ मध्ये भारतातल्या शहरांत गे-लेस्बियन म्हणून वाढण्यावर लिहिलेलं पुस्तक या गुंत्याला आपल्या कुटुंबव्यवस्थेच्या आतून पाहतं, म्हणून मोलाचं आहे. आईवडिलांना क्षमा केल्याशिवाय माणूस बरा होत नाही असं आपल्याकडे गृहीत धरलं जातं. मी ते मानत नाही. क्षमा झाली तर चांगलं. झाली नाही तरी माणूस पूर्ण बरा होऊ शकतो, आणि समुपदेशकाने तिची घाई करू नये.

पालकांसाठी या विषयात एक अतिशय महत्त्वाचा निष्कर्ष आहे. केटलिन रायन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या २२४ तरुणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना किशोरवयात घरातून तीव्र नकार मिळाला होता, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण नकार न मिळालेल्यांच्या किंवा कमी मिळालेल्यांच्या ८.४ पट होतं. त्यांच्या पुढच्या कामातून हेही दिसलं, की पालक आपली श्रद्धा न सोडताही वागणूक बदलू शकतात, आणि वागणूक थोडी बदलली तरी मुलाचा धोका कमी होतो. आपण शेतकरी आत्महत्यांच्या पट्ट्यात राहतो. घरातला एक माणूस गेल्याने काय होतं हे इथल्या माणसांना समजावून सांगावं लागत नाही. मुंबईत २०१७ पासून 'स्वीकार' हा क्वीअर मुलांच्या पालकांचा गट काम करतो. तसे चार पालक शेगावला किंवा देऊळगावराजाला एकत्र बसले, तर त्याचं मोल कुठल्याही शोधनिबंधाहून जास्त असेल.

बायकांविषयी वेगळं लिहायला हवं, कारण त्यांना गाडीत बसून निघून जाण्याचाही मार्ग नसतो. मुंबईच्या 'लेबिया' या गटाने जन्मतः स्त्री ठरवलेल्या ५० व्यक्तींच्या जीवनकथांचा अभ्यास केला आणि तो २०१५ मध्ये पुस्तकरूपाने आला. कुटुंब, शाळा, रस्ता आणि प्रेम यांतून लिंगभानाची शिस्त कशी लावली जाते, हे त्यात माणसांच्या स्वतःच्या शब्दांत आहे. आणि ज्या पुरुषांनी घरच्यांच्या दबावाखाली लग्न केलं, त्यांच्या बायकांचं काय? वीस वर्षं 'माझ्यातच काही कमी असेल' असं मानत राहिलेली ती बाईही याच नकाराने जखमी झालेली आहे. तिची जखम नवऱ्याच्या जखमेखाली झाकली जाऊ नये. नवऱ्याला सहानुभूती देताना तिला विसरणारा अभ्यास मी अर्धा मानते.

स्वतःला शोधण्याच्या पायऱ्या सांगणारे आराखडे पुष्कळ आहेत. व्हिव्हियन कॅस यांचा १९७९ चा सहा टप्प्यांचा आराखडा त्यांतला प्रसिद्ध. त्यात उघडपणे सांगण्याला फार महत्त्व आहे. पण धाकट्या बहिणीला आणि एका मित्राला सांगून, बाकी गावात कुणालाही न सांगता, शांतपणे जगणारा माणूस अपुरा राहिला असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही. किती लोकांना सांगितलं यावरून मी बरं होणं मोजत नाही. स्वतःशी खोटं बोलावं लागतं का, इतकं मी पाहते. दुसऱ्या बाजूला उघडपणे, आपल्याच भागात पुढे येण्याची उदाहरणंही आता आहेत. २०१६ मध्ये नागपुरात पहिली प्राइड यात्रा निघाली. २०१७ च्या डिसेंबरअखेरीस यवतमाळमध्ये एका तरुणाने आपल्या जोडीदारासोबत नातलगांच्या साक्षीने सोहळा केला. बीड जिल्ह्यातले पोलीस शिपाई ललित साळवे यांनी २०१८ च्या लिंगबदल शस्त्रक्रियेनंतर आपली खाकी वर्दी सोडली नाही. शेजारच्या जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये २०२१ साली तृतीयपंथी उमेदवार अंजली पाटील महिलांच्या राखीव जागेवरून ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. त्यांचा अर्ज आधी फेटाळला गेला होता. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांचा हक्क मान्य केला आणि गावाने मतं दिली. याहून जुनी परंपरा तृतीयपंथी समाजाच्या घराण्यांची आहे. घरातून टाकलेल्या मुलाला जवळ घेणं, नाव देणं, नियम लावणं, आजारपणात सांभाळणं, हे काम गुरू पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या. त्या घराण्यांत शोषणही होतं आणि ते लपवू नये. तरीही समुपदेशन हा शब्द आपल्याकडे येण्याच्या कितीतरी आधी नाकारलेल्यांना थारा देणारी व्यवस्था तिथे होती.

कायद्याविषयी थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या 'नालसा' निकालाने स्वतःचं लिंगभान स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन सज्ञान व्यक्तींच्या संमतीचे संबंध भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाचा हक्क मात्र मिळाला नाही. २०२४ मध्ये केंद्र सरकारने क्वीअर जोडीदारांना एकत्र बँक खातं उघडता येतं आणि शिधापत्रिकेसाठी त्यांना एक कुटुंब धरावं, असं स्पष्ट केलं. सावरण्याच्या वाटेवर असलेल्या माणसाला या कागदांचा आधार होतो, हे अभ्यासकाने विसरू नये.

अभ्यास करताना एक पथ्य पाळा. आपल्या जिल्ह्यात तालुका, जात, शिक्षण आणि नोकरी एवढं लिहिलं तरी माणूस ओळखू येतो. नाव बदलून भागत नाही. गाव बदला, पीक बदला, गरज पडली तर चांगला प्रसंगही गाळा. मुलाखतीसाठी कुणाच्या घरी जाऊ नका. त्याला सोयीच्या जागी भेटा, आणि त्याने फोन उचलला नाही तर पुन्हा पुन्हा करू नका. वऱ्हाडीत बोलू द्या. माणूस दुःख सांगतो तेव्हा ते लिहून घ्याच, पण त्याने कोणतं गाणं ऐकून दिवस काढले, कोणत्या मावशीने काही न विचारता जवळ घेतलं, कुठल्या शिक्षकाने वर्गाला गप्प बसवलं, हेही विचारा. सावरण्याची सुरुवात पुष्कळदा तिथे सापडते. आणि साठीच्या पुढच्या माणसांकडे जा. ज्यांनी कलम ३७७ च्या छायेत सगळं तारुण्य काढलं, त्यांचे अनुभव मराठीत फारच थोडे लिहिले गेले आहेत, आणि ती माणसं फार काळ थांबणार नाहीत. हे काम उद्यावर टाकू नका.

आणि हे वाचणारे तुम्हीच जर त्या नाकारलेल्या मुलांपैकी एक असाल, तर या विषयात तुमची जागा अभ्यासकाच्या बरोबरीची आहे. जे जगलात ते तुमच्या वेळेने, तुमच्या शब्दांत लिहून ठेवा. कुणाला दाखवायचं की नाही ते नंतर ठरवा. मन फारच जड झालं आणि जवळ बोलायला कोणी नसलं, तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक १४४१६ आहे. फोन दिवसरात्र लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.